अंगठी निघेना, चपलेचा नंबर वाढला... पिट्युटरीबद्दल कुणी बोलतच नाही का?

गोधडी:
मंडळी, आरोग्य विभागात थायरॉईड आणि पीसीओडीवर ढिगाने धागे आहेत, पण पिट्युटरी शोधलं तर काहीच सापडलं नाही म्हणून हा काढतेय. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. माझ्या दिरांना ॲक्रोमेगली (पिट्युटरीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन फार वाढण्याचा आजार) निघाली आणि गेली काही वर्षं घरात हाच विषय चालू आहे, त्यातून जे कळलं ते लिहिते. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे कवटीच्या हाडातल्या छोट्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. थायरॉईडने किती काम करायचं, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीने कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड) किती सोडायचं, पाळी, वीर्य, बाळंतिणीचं दूध, पोरांची उंची, लघवीवाटे किती पाणी जाऊ द्यायचं, हे सगळं तिच्या हातात. तिच्यात गाठ झाली तर ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हे आधीच सांगते कारण आमच्या घरी 'मेंदूत गाठ' ऐकल्यावर रडारड झाली होती. पण ही गाठ एखादं हार्मोन भरमसाट बनवते, नाहीतर चांगल्या भागावर दाब देऊन बाकीची हार्मोन्स बंद पाडते. आणि बरोब्बर वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, गाठ तिथवर चढली की समोरचं दिसतं पण दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. गाडी चालवताना बाजूने आलेला माणूस दिसत नाही आणि आपण म्हणतो हल्ली लक्ष नसतं.

भाऊजींचं असं झालं की आधी घाम. एसीत बसून शर्ट ओला. मग घोरणं इतकं वाढलं की जाऊबाई मुलांच्या खोलीत झोपायला गेल्या. हाताला मुंग्या, हाडांच्या डॉक्टरांनी मनगटात नस दबलीय म्हणून पट्टा दिला. साखर आणि बीपी वाढलं, ते तर घरात सगळ्यांनाच आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. लग्नातली अंगठी निघेना तेव्हा सोनाराकडून कापून घेतली, सोनार म्हणाला साहेब सुटलात, आणि वजनाचा काटा तर जागचा हलला नव्हता. चप्पल आठवरून दहावर. खालच्या दातांत फटी पडल्या, आधी नव्हत्या. ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी आपापल्या भागाचं नीट तपासलं, तक्रार नाही, पण घाम, अंगठी, चप्पल, दात, साखर हे सगळं एका कागदावर कुणीच मांडलं नाही.

शेवटी शुगरच्या नवीन डॉक्टर बाईंनी हातात हात घेऊन बघितला आणि विचारलं, लायसन्स आहे का खिशात? भाऊजींना वाटलं ओळखपत्र हवंय. त्यांनी त्यावरचा फोटो बघितला, चेहऱ्याकडे बघितलं, भुवयांचं हाड, नाक, ओठ, जबडा, आणि रक्तातलं आयजीएफ-१ (त्यावरून ग्रोथ हार्मोनचा अंदाज येतो) लिहून दिलं. ते चिक्कार वाढलेलं. मग साखरेचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाने ग्रोथ हार्मोन मोजलं, एरवी साखरेने ते खाली येतं, यांचं आलं नाही. मग एमआरआय. तर गाठ.

ज्यांच्या घरात कुणी सगळीकडे दाखवून दमलंय आणि 'रिपोर्ट तर सगळे ठीक आहेत' ऐकतंय त्यांच्यासाठी हा धागा आहे. लिहा.

टांगा_पलटी:
बाप रे. म्हणजे खलीला होतं तेच ना?

गोधडी:
हो तेच. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याची पिट्युटरीची गाठ काढली. हाडांची वाढ थांबायच्या आधी हे सुरू झालं तर माणूस उंच होत जातो, नंतर झालं तर उंची वाढत नाही, हात, पाय, जबडा, जीभ आणि आत हृदयसुद्धा वाढतं. भाऊजींची उंची पाच फूट पाच आहे, म्हणून तर कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जास्वंद७१:
वाचतेय. ऑपरेशनबद्दल लिहा ना. डोकं उघडतात का?

गोधडी:
नाही, बहुतेक वेळा नाकातून दुर्बिणीने करतात. बाहेर एक टाका दिसत नाही. भाऊजींच्या मांडीतली थोडी चरबी काढून आतलं भोक बुजवायला वापरली, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या मांडीचं नाकात कसं जाईल. नंतर नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, वाकून काही उचलायचं नाही, जोर करायचा नाही. आणि नाकातून किंवा घशात पातळ खारट पाणी उतरलं तर लगेच सांगायचं, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. सगळ्यात वैताग म्हणजे लघवीचा हिशोब. किती प्यायले किती झाली, मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायचं, कारण पाणी धरून ठेवणारं हार्मोन गडबडलं की धो धो लघवी होते. त्यातून निभावलं तर आठवड्याभराने उलट सोडियम उतरू शकतं, म्हणून घरी आल्यावर परत रक्त तपासायला लावलं. जाऊबाईंची ती वही अजून आहे, बँकेत आम्ही ठेवत नाही इतकी नीट.

गाठ पूर्ण निघाली नाही म्हणून आता महिन्याला इंजेक्शन आहे. महाग आहे, त्यावर बोलायला वेगळा धागा लागेल.

साधा_स्टेथो:
चांगला धागा काढलात गोधडी ताई. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. थोडी भर घालतो.

एक, आपल्याकडे थकवा आला, वजन वाढलं, केस गळले की टीएसएच करतात आणि तो नॉर्मल आला की थायरॉईड नाही म्हणून मोकळे. टीएसएच हा पिट्युटरीने थायरॉईडला धाडलेला हुकूम. हुकूम देणारीच आजारी असेल तर टीएसएच 'नॉर्मल' दिसू शकतो आणि खरं थायरॉईड हार्मोन, म्हणजे फ्री टी-४, खाली असतं. म्हणून पिट्युटरीचा संशय असेल तर दोन्ही एकत्र बघावं लागतं, नुसत्या टीएसएचवर भागत नाही.

दोन, अशा पेशंटचं कॉर्टिसॉल पण कमी असू शकतं. ते न बघता थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, चालू केलं तर माणूस अचानक कोसळू शकतो. आधी स्टेरॉईड, मग थायरॉक्सिन, हा क्रम उलटा करायचा नाही.

तीन, केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या ताई-दादांनी तपासणीच्या आधी लॅबला सांगा. काही मशीनवर त्याने थायरॉईडचे आणि इतर हार्मोन्सचे आकडे चक्क चुकतात.

सिस्टर_मावशी:
मी रिटायर्ड नर्स, बरीच वर्षं मेळघाटच्या बाजूला आरोग्य केंद्रात काढली. डॉक्टरांनी लिहिलंय तेच मी वेगळ्या अंगाने सांगते. बाळंतपण घरी झालं, वार अडकली, अंगावरून खूप गेलं, बाई बेशुद्ध झाली पण वाचली. सगळ्यांना वाटलं सुटलो. पण तिला दूधच आलं नाही. बाळाला शेळीचं पाजलं. सासू म्हणते हिचं दूध आटलं. मग पाळी आलीच नाही, कुणी विचारलं की बाया म्हणतात अंगावर पाजते ना म्हणून नाही. अगं पण ती पाजतच नव्हती!! दूधही नाही आणि पाळीही नाही, तिथेच थांबून विचार करायला पाहिजे. पुढे काखेतले केस जातात, चेहरा पांढुरका पडतो, बाई सारखी झोपून, थंडी वाजते, कामाला हात उचलत नाही, घरचे म्हणतात आळशी, नाहीतर बाधा झालीय. देवऋषी होतो. वर्षं जातात. आणि मग कधीतरी जुलाब नाहीतर तापाचं निमित्त होतं आणि बेशुद्धीत आणतात, बीपी लागत नाही, साखर खाली, सोडियम खाली.

याला शीहान सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणात पिट्युटरी मोठी झालेली असते आणि बाळंतपणात फार रक्त गेलं की तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते. शीहान नावाच्या डॉक्टरांनी १९३७ मध्ये लिहून ठेवलंय. आमच्याकडे जिल्ह्याला नवीन आलेल्या एका डॉक्टरांनी अशा बाईला ओळखलं, गोळ्या चालू केल्या आणि ती पुढच्या वेळी स्वतः चालत आली, डोक्यावर सरपण होतं. मी तिला ओळखलंच नाही.

खडूफळा:
मावशी, अंगावर काटा आला. पण हे आता दुर्मिळ असेल ना? सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात.

साधा_स्टेथो:
कमी होतंय, नक्कीच. पण ज्या बायका २५-३० वर्षांपूर्वी घरी बाळंत झाल्या त्या आज पन्नाशी-साठीत आहेत आणि अजून निदान व्हायचंय अशा सापडतात. काश्मीरमध्ये पाहणी झाली होती, बाळंतपण झालेल्या विशीच्या वरच्या बायकांत सुमारे ३ टक्क्यांमध्ये हे निघालं, त्यातल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरी झालेली. आणि दवाखान्यातही रक्तस्राव होतोच की.

नवा_आयडी_मुद्दाम:
नेहमीच्या आयडीने लिहिणार नाही, समजून घ्या. मी पुरुष, वय तिशीतलं, हिंजवडीत आयटी. लग्नाला काही वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या तपासण्या सगळ्या झाल्या, सोनोग्राफ्या, ट्यूबची टेस्ट, तिला सगळे टोचून मोकळे, आणि माझं काय तर टेन्शन घेऊ नका. इच्छाच कमी झाली होती, बाकीचंही जमत नव्हतं, दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चाले, हे मी कुणाला सांगणार? एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेले नंबर असतात ना ताकदीच्या औषधांचे, त्यातल्या एकाला फोनही केला होता. शेवटी बायकोच्या गायनॅक मॅडमनी माझं टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं, दूध आणणारं हार्मोन) करायला सांगितलं. प्रोलॅक्टिन पुरुषात साधारण १५-२० (नॅनोग्रॅम प्रति मिली) च्या आत असतं, माझं हजाराच्या वर. एमआरआयमध्ये मोठी गाठ.

मला वाटलं आता कवटी फोडणार. डॉक्टर म्हणाले ही एकच पिट्युटरीची गाठ अशी की जिला पहिला इलाज गोळी आहे, ऑपरेशन नाही. कॅबरगोलीन, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवण झाल्यावर कारण रिकाम्या पोटी मळमळतं आणि उठल्यावर चक्कर येते. गाठ लहान झाली, डोकेदुखी गेली. अजून एक सांगतो, काही थोड्या लोकांना या गोळीने जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो असं त्यांनी बायकोसमोर बजावलं. त्यामुळे ऑनलाईन रमी खेळायचं सुख कायमचं गेलं.

टांगा_पलटी:
दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. रमीचं वाईट वाटलं.

नवा_आयडी_मुद्दाम:
बायकांची पाळी चुकते म्हणून त्या लवकर डॉक्टरकडे जातात, पुरुषाला तसं काही दिसत नाही आणि जे होतं ते बोलत नाही, म्हणून आमच्या गाठी मोठ्या झाल्यावरच सापडतात असं कळलं. शिव्या स्वतःला आणि भिंतीवरच्या नंबरला.

पिठलंभाकरी:
माझा वेगळा अनुभव. पाळी दोन-तीन महिने नाही, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह, आणि आंघोळ करताना छातीतून दूध. लग्नही झालेलं नाही, आईला सांगायची सोय नाही. प्रोलॅक्टिन वाढलेलं, एमआरआय लिहून दिला होता. पण दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं की कोणत्या गोळ्या घेतेस. मी म्हटलं काही नाही, फक्त ऍसिडिटीची सकाळी एक. ती कॅप्सूल ऍसिडिटीचं औषध अधिक लेवोसल्पिराइड अशी होती, कधीतरी कुणीतरी १५ दिवसांसाठी दिलेली आणि मी मेडिकलमधून आणून घेतच राहिले. बंद केली, सगळं जागेवर आलं. एमआरआय करावाच लागला नाही.

साधा_स्टेथो:
हे सोन्यासारखं उदाहरण. लेवोसल्पिराइड, डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजाराची काही औषधं, यांनी प्रोलॅक्टिन वाढतं. थायरॉईड कमी असेल तरी वाढतं, गरोदरपणात तर वाढणारच, आणि सुई टोचायच्या भीतीनेसुद्धा थोडं वाढतं. तेव्हा ४०-५० आकडा आला म्हणून घाबरू नका, २०० च्या वर गेला की गाठीचा संशय बळकट. मात्र मानसोपचाराची औषधं मनाने बंद करायची नाहीत, त्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते.

नगरी_तिखट:
सगळं ठीक आहे पण एक विचारू का? हे धागे वाचून उद्या निम्मं मंडळ लॅबमध्ये 'फुल बॉडी हार्मोन पॅकेज' करायला धावणार. आधीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक ऑफर. थकवा कुणाला नाही? मला सोमवारी येतो. जनजागृतीच्या नावाखाली धंदा होतो, माझं स्पष्ट मत.

साधा_स्टेथो:
तुमचं निम्मं म्हणणं मान्य. कॉर्टिसॉल सकाळी आठला वेगळं आणि रात्री वेगळं असतं, पॅकेजवाला दुपारी दोनला येऊन काढून नेतो त्या आकड्याचा उपयोग शून्य. आणि सरसकट एमआरआय काढले तर साधारण दहात एका माणसाच्या पिट्युटरीत बारीक काहीतरी दिसतं जे आयुष्यभर काही करत नाही, मग तो माणूस फुकटचा घाबरून जगतो. म्हणून मी पॅकेज करा म्हणत नाही. नुसता थकवा असेल तर झोप, हिमोग्लोबिन, साखर, मन हे आधी. पण थकवा अधिक पाळी बंद, थकवा अधिक कडेचं दिसत नाही, थकवा अधिक सारखं सोडियम उतरणं, अशी जोडी जमली की मग एन्डोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर. मुंबईत परळच्या केईएममध्ये या विषयाचा वेगळा विभाग आहे, लांबून लोक येतात.

नगरी_तिखट:
जोडीचं पटलं. बाकी मत कायम.

गोधडी:
नगरी, मत ठेवा पण सोमवारच्या थकव्यावर औषध सापडलं तर इथे टाका.

परभणीकर:
आमच्याकडे उलटं बघा. गाठ नाही काही नाही, पण गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारात मिळणारी पुडी. आमची आत्या घ्यायची, दोन दिवसांत दुखणं गायब, अन् चेहरा असा गोल गरगरीत झाला की पाहुणे म्हणायचे तब्येत काय मस्त सुधारली. हातपाय मात्र काड्या, पोटावर जांभळ्या रेषा, जरा धक्का लागला की काळंनिळं, जिना चढवेना. पुडीत स्टेरॉईड होतं. मग कुणी सांगितलं ते घातक असतं म्हणून आत्यानं एका दिवसात बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात. वर्षानुवर्षं बाहेरून मिळाल्यामुळे पिट्युटरीनं अन् ॲड्रिनलनं काम सोडून दिलं होतं म्हणे.

साधा_स्टेथो:
अगदी. स्टेरॉईड जास्त होऊन शरीर असं होतं त्याला कुशिंग म्हणतात. पिट्युटरीच्या गाठीमुळे होतो तो प्रकार हार्वे कुशिंग या सर्जनने १९३२ मध्ये मांडला, त्यांचा वाढदिवस ८ एप्रिल हा कुशिंग जागृती दिवस म्हणून पाळतात. पण आपल्याकडे जास्त करून दिसतो तो आत्याबाईंचा प्रकार, पुड्या, वजन वाढवायचे थेंब, गोरं करणारी मलमं. लठ्ठपणा आणि हा यात फरक करायचा तर जांभळ्या रुंद रेषा, पातळ कातडी आणि मांड्यांतली ताकद बघा. खाली बसलेला माणूस हात न टेकता उठतो का. आणि बंद करायचं ते हळूहळू, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

कोकणची_वाट:
घोणस चावल्यावर पण पिट्युटरी जाते हे खरं का? आमच्या वाडीतला एक जण आंबा बागेत चावला गेला, किडनी बंद पडली, डायलिसिसवर वाचला. पण नंतर दाढी येईना, अंगात जीवच नाही. लोक म्हणतात विष अंगात राहिलंय.

साधा_स्टेथो:
खरं आहे. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, त्यात पिट्युटरीत रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा बंद होतो. ब्रह्मदेशात १९८० च्या दशकात हे नीट लिहिलं गेलं, भारतातूनही अशा नोंदी आहेत. किडनीवर परिणाम झालेल्यांत जास्त. विष वगैरे राहिलेलं नसतं, हार्मोन्स कमी पडलेली असतात आणि ती गोळ्यांनी भरून देता येतात. त्यांना लवकर पाठवा. ताप आला किंवा उलट्या झाल्या तर वाट बघू नका.

कोकणची_वाट:
धन्यवाद डॉक्टर. त्याच्या भावाला आत्ताच फोन केला.

जर्सीची_जाई:
मी न्यू जर्सीला. मला स्वतःला पिट्युटरी ऑपरेशननंतर आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी घ्यायची गोळी) आहे. इथे हातात ब्रेसलेट घालायला लावतात, भारतात आले की सगळे विचारतात कुठल्या बाबाचं. नियम साधा आहे, ताप आला की त्या दिवसापुरता डोस दुप्पट, उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. गणपतीला पुण्यात आले तेव्हा पोट बिघडलं, रात्रीच्या ड्युटीवरच्या मुलाला समजावून सांगताना घाम फुटला, शेवटी आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली, त्यावर मोठ्या अक्षरात १०० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन ताबडतोब असं होतं, मग त्याने दिलं. ती चिठ्ठी पाकिटात आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवा. दाताचं काम, ऑपरेशन, काहीही असलं तरी आधी सांगायचं.

गोधडी:
जाई, हे फारच कामाचं. भाऊजींच्या फोनवर आजच लावायला सांगते, पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर त्यांनाही सकाळची गोळी आहेच.

खडूफळा:
मी शाळेत शिकवते. मुलांचं काय? माझ्या वर्गात एक मुलगा तिसरीपासून जवळपास तेवढाच आहे, पालक म्हणतात आजोबा बुटके होते.

साधा_स्टेथो:
असेलही आजोबांमुळे. पण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर उंची वाढायला हवी, चारच्याही खाली असेल तर तपासायचं. शाळेत दर सहा महिन्यांनी भिंतीवर खूण करा, खर्च शून्य. आणि वय महत्त्वाचं, हाडांची टोकं जुळून गेली की ग्रोथ हार्मोन देऊन उपयोग नसतो.

जास्वंद७१:
डॉक्टर, धागा वाचून एक विचारते. माझी आई ६३ वर्षांची, गेल्या वर्षी दोनदा सोडियम उतरून ॲडमिट झाली. सलाईन देतात, घरी येते, परत तेच. बीपी कमी, भूक नाही. टीएसएच नॉर्मल म्हणूनच सांगितलंय.

साधा_स्टेथो:
ताई, नेटवर निदान करत नाही, सोडियम उतरायला कारणं बरीच, बीपीची पाणी काढणारी गोळी हे सगळ्यात आधी बघायचं. पण दोनदा झालंय तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-४ करून घ्या. आणि आईंच्या बाळंतपणांबद्दल विचारा. पाळी कितव्या वर्षी गेली तेही.

जास्वंद७१:
आत्याला विचारलं. धाकट्या भावाच्या वेळी रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या आणि तो वरच्या दुधावर वाढला, हे मला माहीतच नव्हतं. पाळी त्यानंतर आलीच नाही म्हणाली, आईने कधी सांगितलं नाही. पाणी काढणारी गोळी चालू नाही. सोमवारची वेळ घेतली आहे.

साधा_स्टेथो:
सोमवारपर्यंत थांबू नका, तपासणी उद्या सकाळीच करा आणि रिपोर्ट घेऊन लगेच फिजिशियनकडे. मध्ये ताप, उलटी, गुंगी काहीही झालं तर सरळ हॉस्पिटल, आणि तिथे बाळंतपणाची ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. दम्याचा पंप किंवा सांधेदुखीची कुठली गोळी चालू आहे का?

जास्वंद७१:
पंप नाही. सांधेदुखीला आयुर्वेदिक म्हणून कुणीतरी दिलेलं चूर्ण घेते अधूनमधून.

साधा_स्टेथो:
ती डबी बरोबर न्या.